काचेवरची तारीख

माहुलकरसाहेबांनी कोटाच्या खिशातून गोटी काढली आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर अलगद ठेवली. गोटी क्षणभर थांबली, मग हळूहळू निघाली आणि कोपऱ्यातल्या भिंतीला जाऊन टेकली.

"लिहा," ते म्हणाले. "स्वयंपाकघर. उतार मोरीकडे हवा, तो कोपऱ्याकडे आहे."

मी वहीत लिहिलं.

"मागचं दार. खालची कड रंधून घेतली आहे. एकदा नाही, दोनदा. म्हणजे चौकट हललेली आहे. लिहिलंत?"

"लिहिलं."

"न्हाणीघर. पूर्वेच्या भिंतीला हातभर उंचीपर्यंत ओल. गिलावा पोकळ." त्यांनी छोट्या हातोडीनं ठोकून दाखवलं. एका जागी आवाज टणक यायचा, वीतभर पुढे बद्द. "ऐकलंत?"

घराच्या मालकीणबाई, कमलताई भोंडे, दाराशी उभ्या होत्या. साठी उलटलेली, अंगावर करडी लोकरीची शाल. आम्ही जिथे ठोकत होतो तिथे त्या बघत होत्या. एखाद्या आजाऱ्याला डॉक्टर दाबून बघत असतात तेव्हा घरची माणसं बघतात, तसं. एकदाच बोलल्या.

"चहा ठेवू का जी?"

"आधी काम," माहुलकर म्हणाले.

१९९७ सालच्या डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. अकोल्याला थंडी पडते हे बाहेरच्यांना पटत नाही, पण त्या वर्षी सकाळी नऊपर्यंत तोंडातून वाफ निघायची. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. दुपारी चारला कामावर जायचो, त्यामुळे घरं बघायला सकाळ मोकळी असायची. हे अकरावं घर होतं.

घराची घाई आईसाठी होती. आदल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात-पाय गेला. आम्ही भाड्यानं दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. तिथून ती दवाखान्यापुरती खाली यायची, तीही खुर्चीत बसवून, दोघांनी उचलून. त्यात मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि जानेवारीअखेर खोल्या रिकाम्या करून मागितल्या. आईच्या अटी दोनच होत्या. पहिली, "जमिनीवरचं घर पाह्य. मले उन्हात बसू दे." दुसरी, "विसार मार्गशीर्षात दे. पौषात मी घराचं नाव काढू देनार नाही." पौष तीस डिसेंबरला लागत होता. पंचवीस तारखेला मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. आईनं तो मनाशी धरून ठेवला होता.

त्या दिवशी आम्ही तिला ऑटोतून सोबत आणलं होतं. माझी बायको प्रतिभा तिला घेऊन अंगणात बसली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसत होतं. आईची चप्पल गळून पडली होती आणि तिनं उजव्या पायानं निर्जीव डावा पाय ढकलत ढकलत मातीवर नेऊन ठेवला होता. तसाच ठेवून ती डोळे मिटून ऊन खात होती.

माझ्या वहीत तोवर नऊ तक्रारी झाल्या होत्या. तरी मला हे घर हवं होतं.

माहुलकर सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंता. वडिलांचे स्नेही. घर बघायला मी त्यांना बोलावलं तेव्हा पत्ता ऐकूनच ते म्हणाले होते, "भोंडे ओव्हरसियरचं घर? मग निम्मं बघायलाच नको. त्र्यंबकरावांनी खात्यात एक वीट वाकडी लागू दिली नाही." त्र्यंबकराव भोंडे सात वर्षांपूर्वी वारले होते. पण त्यांचा हात घरभर होता. मीटरच्या पेटीच्या झाकणावर आतून पेन्सिलीनं लिहिलेलं: "फ्यूज बदलला 3-8-88." पाण्याच्या टाकीवर: "धुतली 19-4-90." अक्षर बारीक, सरळ, आकडे खात्याच्या सवयीनं इंग्रजी. अशा माणसाच्या घरात राहायला मला आवडलं असतं.

"हे कपाट सरकवा," माहुलकर झोपायच्या खोलीत म्हणाले.

मी आणि त्यांनी मिळून लाकडी कपाट हातभर बाजूला केलं. मागच्या भिंतीवर छतापासून खाली येणारी केसासारखी बारीक भेग होती. आणि भेगेवर आडवी, दोन्ही टोकांना प्लॅस्टरच्या गोळ्यांनी चिकटवलेली, बोटभर रुंदीची काचेची पट्टी. डाव्या गोळ्यावर तारीख लिहिलेली.

माहुलकर चष्मा वर करून वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मग सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहराच बदलला होता.

"सगळं खोडा," ते म्हणाले.

"काय?"

"खोडू नका, पण खाली लिहा. ही आमच्या खात्याची पद्धत. भिंतीला भेग पडली की ती जिवंत आहे की मेलेली, हे कसं ओळखायचं? भेगेवर काच लावायची, तारीख घालायची. भिंत सुतभर जरी हलली तरी काच फुटते. काच लवत नाही ना. ही बारा नोव्हेंबर नव्वदची आहे. सात वर्षं झाली, सात उन्हाळे गेले, काच अखंड. म्हणजे भिंत बसली. जी काही हालचाल झाली ती त्याच्या आधीची." त्यांनी दाराकडे वळून विचारलं, "त्र्यंबकरावांनीच लावली ना ही?"

"हो. त्यांनीच लावली होती," कमलताई म्हणाल्या. मग जरा थांबून, "आता चहा ठेवू ना?"

चहा अंगणात झाला. कमलताईंनी आईच्या ओंजळीत, म्हणजे एकाच हातात, बोरं ठेवली. कडुनिंबाच्या सावलीच्या कडेला दोघी बसल्या होत्या आणि वीस वर्षांची ओळख असल्यासारख्या बोलत होत्या. निघताना आई ऑटोत म्हणाली, "विनू, ते बाई एकटी आहे रे. लेक पुन्याले नेते म्हनते तिले. तिले नाही जायचं."

"तिनं सांगितलं?"

"कायले सांगन? मले दिसत नाही का?"

पंचवीस तारखेला सकाळी आम्ही विसार द्यायला गेलो. मी आणि माहुलकर. प्रतिभा घरी गुरुवारच्या पूजेच्या गडबडीत होती. आईनं नवं लुगडं नेसवून घेतलं होतं, कुठे जायचं नसताना.

कमलताईंचा मुलगा शिरीष पुण्याहून आला होता. चाळिशीचा, नीटनेटका, घाईत. त्यानं करारनाम्याचा कागद टेबलावर ठेवला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मला कागद कुणी वाचून दाखवलेला चालत नाही. मी तो मागून घेतला, दोनदा वाचला. एका ठिकाणी चतुःसीमेत पूर्व-पश्चिम उलट झालं होतं, ते दुरुस्त करायला दिलं. शिरीष पेन शोधायला उठला. मी पाय मोकळे करायला म्हणून झोपायच्या खोलीत गेलो.

कपाट तसंच बाजूला होतं. काच तशीच अखंड. मी जवळ जाऊन तारीख वाचली.

१२-११-९०.

पहिल्या वेळी ती माहुलकरांनी वाचली होती, मी ऐकली होती. आज डोळ्यांनी बघत होतो. आकडे मराठी होते. गोल, सावकाश काढलेले. नऊच्या शेपटीला गाठ.

मी मीटरची पेटी उघडून पुन्हा बघितली. 3-8-88. मागच्या अंगणात जाऊन टाकी बघितली. 19-4-90. मग परत येऊन नखानं प्लॅस्टरच्या गोळ्यावरचा ताज्या सफेदीचा चुना थोडा खरवडला. आतलं प्लॅस्टर पांढरंशुभ्र होतं. सात वर्षांचं प्लॅस्टर असं राहत नाही, एवढं मलाही कळत होतं.

बैठकीत येऊन मी म्हणालो, "ती काच त्र्यंबकरावांची नाही."

शिरीष पेन उघडत होता. "म्हणजे?"

"त्यांचे आकडे घरात सगळीकडे इंग्रजी आहेत. काचेवरचे मराठी आहेत. प्लॅस्टरही नवं आहे. माहुलकरसाहेब, बघून या."

माहुलकर गेले. परत आले तेव्हा माझ्याकडे न बघता खुर्चीत बसले.

"काय चाललंय हे?" शिरीष म्हणाला. "आई?"

कमलताई आतल्या दाराशी होत्या. "मीच लावली," त्या म्हणाल्या.

"आधीची कुठे गेली?" मी विचारलं.

"फुटली."

"कधी?"

"उन्हाळ्यात. मे महिन्यात."

"आणि तुम्ही दिवाळीच्या सफेदीत नवी लावून तिच्यावर नव्वद सालची तारीख घातलीत?"

"हो."

माझा आवाज चढला नव्हता. कामाच्या ठिकाणीही माझा आवाज चढत नसे, आणि त्याचाच लोकांना धाक वाटायचा.

"ताई, याला फसवणूक म्हणतात."

शिरीषचा चेहरा लाल झाला. माझ्यामुळे की आईमुळे, कळलं नाही. कमलताईंचा मात्र बदलला नाही. त्या फक्त म्हणाल्या, "थांबा जरा," आणि वळून आत गेल्या.

मी थांबलो नाही. मला वाटलं, रडायला गेल्या. बाईमाणसाला रडवून वर तिथे उभं राहणं मला प्रशस्त वाटेना. पाकीट खिशात घातलं, माहुलकरांना खूण केली आणि निघालो. फाटकाची कडी लावताना घरामागून पत्र्याचा डबा फरशीवर ओढल्यासारखा आवाज आला. मी ऐकला आणि स्कूटरला किक मारली.

घरी आई लुगडं नेसून बसली होती.

"झालं?"

"नाही. घरात दोष निघाला."

"कोनता?"

"भिंतीचा. तुला नाही कळायचं."

संध्याकाळी प्रतिभानं लुगडं बदलायला घेतलं तर तिनं बदलू दिलं नाही. "राहू दे आजचा दिवस," म्हणाली.

पौष लागला. चार जानेवारीपर्यंत मी आणखी तीन घरं बघितली, तिन्ही वरच्या मजल्यावरची. चार तारखेला, रविवारी, प्रतिभा आईचे केस विंचरत होती आणि मी बाजूला वर्तमानपत्र वाचत होतो, तेव्हा आईनं विचारलं, "काऊन रे विनू, त्या कमलबाईनं असं केलं तरी काय?"

मी सांगितलं. क्रमानं सांगितलं. काच कशासाठी लावतात, तारीख कशासाठी घालतात, आकडे कसे ओळखले, आणि फुटलेली काच काढून तिनं अखंड काच कशी लावली.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग? फुटका काच घरात कोन ठेवते रे?"

"तसं नाही, आई. तिथे ती फुटकी राहिली असती तर..."

"काच फुटला तर मी तुले काय कराले लावते? उचल अन् बाहेर टाक. घरात ठेवत नाहीत. तिनं तेच केलं."

"आणि तारीख? जुनी तारीख का घातली?"

"नवऱ्यानं घातलेली ना ते? गेल्यावर मानसाची तारीख आपुन बदलतो का?" प्रतिभाचा कंगवा मध्येच थांबला होता. आई म्हणाली, "तिनं लपवलं म्हनतं तू. तू इचारल्यावर लपवलं का तिनं? काय काय इचारलं, समदं सांगतलं ना?"

"सांगितलं."

"अन् थांबा म्हने ना ते?"

"हो."

"मंग थांबाले काय धाड भरली होती तुले?"

मी माहुलकरांना घेऊन अकरा वाजता तिथे पोहोचलो. फाटक उघडं होतं. कमलताई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. आम्हाला बघून उठल्या नाहीत, पण सूप बाजूला सरकवलं.

"त्या दिवशी तुम्ही थांबा म्हणाला होतात," मी म्हणालो.

"हो. पण तुम्ही घाईत होते."

त्या उठल्या, घरामागे गेल्या आणि पाण्याच्या टाकीखालून गंजलेला वनस्पती तुपाचा डबा ओढत घेऊन आल्या. तोच आवाज. झाकण काढून त्यांनी आतून एकेक पुडी काढली आणि ओट्यावर ओळीनं मांडली. सात पुड्या. प्रत्येक वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेली.

माहुलकरांनी पहिली सोडली. आत काचेच्या पट्टीचे दोन तुकडे.

"घरात ठेवायच्या नसतात म्हणून बाहेर ठेवल्या," कमलताई म्हणाल्या. "ज्या दिवशी फुटली त्या दिवशीचा पेपर घ्यायचा आणि बांधून ठेवायची. मग लिहून ठेवायची गरज नाही. पेपरवर तारीख असतेच."

ते आमचंच वर्तमानपत्र होतं. मी कागद सरळ करून वरची तारीख वाचत गेलो. १७ मे १९९१. ९ मे १९९२. २१ मे १९९३. १४ मे, ११ मे, १९ मे. शेवटचा १६ मे १९९७. त्या अंकातल्या एका मथळ्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती, आणि ते पान मी तपासलेलं होतं.

"पण का?" माहुलकरांनी विचारलं. "का ठेवल्या?"

"त्यांनी काच लावली तेव्हा मला सांगितलं होतं. कमल, हिच्यावर लक्ष ठेव. फुटली तर कोणत्या दिवशी फुटली ते मला सांग." त्यांनी एका पुडीची सुतळी बोटाला गुंडाळली, सोडली. "फेब्रुवारीत ते गेले. मे महिन्यात काच फुटली. आता सांगू कोणाला? मग ठेवून दिली. पुढच्या दिवाळीत नवी लावली. पुन्हा फुटली. पुन्हा ठेवली."

"हे आम्हाला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"मले कोनी इचारलं का जी?" एवढा वेळ नीट पुस्तकी बोलणाऱ्या बाई एकदम घरच्या बोलीवर आल्या. "तुम्ही फरशीले इचारलं, दाराले इचारलं, भिंतीले ठोकून ठोकून इचारलं. मी तिथंच तर उभी होती."

माहुलकर काही ऐकत नव्हते. ते सातही तारखा एका कागदावर उतरवत होते. मग उठले, घराला फेरी मारून आले, कडुनिंबाजवळ थांबले, भिंतीपासून झाडापर्यंत पावलं मोजली.

"सात वर्षं," ते म्हणाले, "आणि सातही वेळा नऊ ते एकवीस मेच्या आत. एकही पावसाळ्यात नाही, एकही हिवाळ्यात नाही. पाया खचत असता तर काच कधीही फुटली असती. हे दुखणं पायाचं नाही, पाण्याचं आहे. खाली काळी माती, बाजूला निंब. उन्हाळ्यात झाड पाणी ओढतं, माती आकसते, भिंत श्वास घेतल्यासारखी उघडते. पावसाळा झाला की मिटते. झाड काढायचं, घराभोवती चार फूट दगडी फरशी घालायची. पंचवीस वर्षं काही होणार नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी खात्यात बत्तीस वर्षं काढली. इतकी चोख नोंद मला कोणा ओव्हरसियरनं दिली नाही."

मी म्हणालो, "ताई, माझं चुकलं."

"नाही, आकडे बरोबर ओळखले तुम्ही. माझेच होते."

"विसार आजच देतो. आईला मी समजावीन. पौष असला तरी..."

"शिरीषनं सोमवारीच घेतला दुसऱ्याकडून."

"पौष लागायच्या आधीच?"

"पैसे आधी, पण कागद मंगळवारचा झाला. पौषातलाच." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "ते बिल्डर आहेत. त्यांनी घर पाहिलंसुद्धा नाही, फक्त फाटकापासून जागा मोजली. पाडायचंच आहे त्यांना. पाडायला कायचा पौष आणि कायचा माघ?"

माहुलकर म्हणाले, "हा डबा मला द्याल का? खात्यातल्या मुलांना दाखवीन."

"नाही. हा मी पुण्याला नेते. माझं सांगायचं राहिलंय अजून."

निघताना त्यांनी मला थांबवलं आणि आईसाठी ओंजळभर बोरं दिली. त्या दिवसाच्या पेपरात बांधून.

जानेवारीच्या अखेरीला आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. आईला खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं. गॅलरी उत्तरेला होती, तिथे ऊन येत नसे. त्याबद्दल ती माझ्याशी कधी बोलली नाही. कमलताईंची चौकशी मात्र करायची, आणि मी दर वेळी "पुण्याला आहेत, बऱ्या आहेत" असं स्वतः कुठे चौकशी न करताच सांगायचो.

आई त्यानंतर खाली एकदाच आली, चौघांच्याच खांद्यावरून. १८ मे १९९८, सोमवार. सकाळी साडेसातला.

त्या दिवशीचा आमचा अंक मी जपून ठेवला आहे. त्यात बांधायला माझ्याकडे काही नव्हतं.